प्रसूतिगृहातले पहिले तीन दिवस आणि बाळाचं दूध : पहिलटकरणीसाठी आणि तिच्या घरच्यांसाठी

बाळ होणार म्हटलं की घरात मऊ सुती दुपटी धुऊन ठेवली जातात, बाळंतविडा जमतो, डिंक-आळीव भरले जातात. डॉक्टर कोण, खोली कोणती, नॉर्मल होईल की सिझर, याची चर्चा नऊ महिने चालते. बाळाला अंगावर पाजण्याबद्दल मात्र फारसं कोणी बोलत नाही. ते आपलं आपण होईल, असं सगळ्यांनी धरलेलं असतं. मग तिसऱ्या दिवशी बाळ रडतंय, आईच्या डोळ्यांत पाणी आहे आणि उशाशी पावडरीचा डबा आलाय, अशी वेळ येते. कोणीतरी म्हणून जातं, "हिला दूधच नाही."

पहिलटकरणींना पाजायला मदत करणं हे माझं काम. दवाखान्यातल्या त्या तीन दिवसांत काय काय घडलं हे नीट विचारलं की "दूध नाही"चं कारण बहुतेक वेळा तिथेच सापडतं. बाळ जन्मल्यावर किती वेळाने आईजवळ आलं, रात्री कुठे झोपलं, पहिली बाटली कोणी आणि का दिली. काही आयांना खरोखरच दूध कमी येतं, पण अशा आया थोड्या. बाकीच्यांच्या बाबतीत दवाखान्याचा दिनक्रम आड येतो, आणि बोल मात्र त्या बाईला लागतो. मला याचा राग येतो, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातली ८८.६ टक्के बाळंतपणं दवाखान्यात झालेली दिसली. जन्मानंतर तासाभरात अंगावर घेतलेली मुलं मात्र ४१.८ टक्केच. आई दवाखान्यात पोचते, तिथे डॉक्टर असतात, सिस्टर असतात, तरी निम्म्याहून जास्त बाळांचा पहिला तास हुकतो.

काय करायला हवं हे कोणाला ठाऊक नाही, असंही नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी १९८९ मध्ये प्रसूतिगृहांसाठी स्तनपानाच्या दहा पायऱ्या सांगितल्या. त्या पाळणाऱ्या दवाखान्यांना १९९१ पासून 'बेबी फ्रेंडली' ठरवायला सुरुवात झाली, आणि २०१८ मध्ये त्या सुधारून पुन्हा दिल्या गेल्या. आपल्या केंद्र सरकारचा 'माँ' हा स्तनपानासाठीचा कार्यक्रमही ऑगस्ट २०१६ पासून आहे. यातलं तुमच्या दवाखान्यात प्रत्यक्ष किती उतरलंय, हे तुम्हालाच पाहावं लागतं.

पायरी १ : सातव्या महिन्यातच विचारून ठेवा

कळा सुरू झाल्यावर कोणाला काही विचारण्याची ताकद नसते, आणि तेव्हा विचारलेलं कोणी ऐकतही नाही. म्हणून सातव्या-आठव्या महिन्यात तपासणीला जाल तेव्हा नवऱ्याला किंवा आईला बरोबर घ्या आणि डॉक्टरांना सरळ विचारा: बाळ जन्मल्याबरोबर माझ्या छातीवर द्याल का? सिझर झालं तर बाळ किती वेळाने माझ्याजवळ येईल? रात्री बाळ माझ्याजवळच राहील ना? वरचं दूध द्यायची वेळ आली तर आधी आम्हाला सांगाल का? पाजायला शिकवणारं कोणी आहे का, आणि ते रात्रीही असतं का?

"हो, हो, सगळं होईल" एवढ्यावर समाधान मानू नका. डॉक्टर खरं बोलत असतात, पण रात्री अडीच वाजता डॉक्टर वॉर्डात नसतात. तिथे असतात ड्यूटीवरच्या सिस्टर आणि मावशी. म्हणून वॉर्ड बघायची परवानगी मागा आणि एका सिस्टरना विचारा, "इथे बाळ रात्री रडलं तर काय करता?" त्यांच्या उत्तरातून दवाखान्याची खरी पद्धत कळते. "आईजवळ देतो, पाजायला बसवतो" असं उत्तर आलं तर चांगलं. "थोडं पावडरचं देतो, आईला झोपू देतो" असं आलं, तर तिथेच बाळंतपण करायचं असलं तरी तयारी वेगळी करावी लागेल.

भिंतींवरही नजर टाका. बाळाच्या दुधाच्या पावडरीची किंवा बाटलीची जाहिरात, कंपनीचं नाव असलेलं कॅलेंडर, लसीकरणाच्या कार्डावर छापलेलं कंपनीचं चिन्ह, यातलं काहीही दवाखान्यात असायला कायद्याने मनाई आहे. १९९२ चा हा कायदा २००३ मध्ये आणखी कडक झाला. दोन वर्षांपर्यंतच्या बाळांसाठीच्या अशा उत्पादनांची जाहिरात करणं, फुकट नमुने वाटणं, डॉक्टर-सिस्टरांना भेटी देणं, सगळं त्यात बंद आहे. कंपनीला घरात शिरायचा सगळ्यात सोपा रस्ता म्हणजे डिस्चार्जच्या दिवशी हातात पडणारा डबा. तो दवाखान्यातून मिळाला की आईला वाटतं, डॉक्टरांनीच सांगितलंय.

विचारून आलात की एका कागदावर चार ओळी लिहा: "बाळ जन्मताच आईच्या अंगावर द्यावं. आईला विचारल्याशिवाय पाणी, ग्लुकोज, मध, पावडरीचं दूध देऊ नये. बाळ आईजवळच ठेवावं." हा कागद फाईलमध्ये वरच लावा. सिस्टरांची ड्यूटी आठ-आठ तासांनी बदलते, तोंडी सांगितलेलं पुढच्या पाळीपर्यंत पोचत नाही. कागद पोचतो.

पायरी २ : पहिला तास राखून ठेवा

बाळ जन्मलं, रडलं, रंग चांगला आहे, म्हणजे त्याला कसलीही घाई नाही. वजन, पट्टी बांधणं, व्हिटॅमिन केचं इंजेक्शन, फोटो, हे सगळं तासाभराने केलं तरी चालतं. नाळसुद्धा जन्मल्याबरोबर न कापता एक ते तीन मिनिटं थांबून कापावी, असंच आता सांगतात. बाळाला कोरडं करायचं, डोक्याला टोपडं घालायचं, आणि उघडंच आईच्या उघड्या छातीवर पालथं ठेवून दोघांवर मिळून एक पांघरूण घालायचं. बाळाचे हात मात्र पुसू नयेत. त्या हातांना गर्भजलाचा वास असतो आणि त्या वासाच्या आधाराने बाळ स्तन शोधतं.

असं ठेवलेलं बाळ आधी नुसतं पडून राहतं. मग हात चाटतं, पाय आईच्या पोटावर रेटतं, डोकं उचलून आपटतं, हळूहळू सरकत स्तनापर्यंत येतं आणि स्वतःच तोंडात धरतं. याला ब्रेस्ट क्रॉल म्हणतात. बऱ्याच बाळांना पाऊण तास, तासभरही लागतो, आणि अडचण इथेच आहे. लेबर रूममध्ये पुढची बाई वाट बघत असते, म्हणून दहा मिनिटं ठेवून "घेत नाहीये" म्हणत बाळ उचललं जातं. बाळ घेत असतं, त्याला वेळ हवा असतो. हा तास टळला की बरीच बाळं गाढ झोपतात आणि पुढचे काही तास उठवूनही नीट ओढत नाहीत. कळांमध्ये पेथिडीनसारखं दुखणं कमी करणारं इंजेक्शन दिलं असेल तर ती गुंगी आणखी लांबते. अशा बाळाला जास्त वेळ छातीवर ठेवायचं, एवढाच उपाय.

बाहेर थांबलेल्या मंडळींसाठी एक विनंती. बाळ बघायची ओढ समजते, पण "बाळ बाहेर आणा" म्हणून सिस्टरांच्या मागे लागू नका. तुम्ही मागितलं म्हणूनही तो तास तुटतो.

आणि मध. सोन्याची अंगठी मधात बुडवून बाळाच्या जिभेला लावायची हौस अनेक घरांत असते, बाळगुटी उगाळून ठेवलेली असते. वर्षाच्या आतल्या बाळाला मध धोक्याचा आहे, कारण त्यातून बोट्युलिझम नावाचा गंभीर आजार होऊ शकतो. गुटी, साखरपाणी, ग्लुकोजचं पाणी यांनी बाळाची भूक मरते, आणि जंतू पोटात जायचा धोका वेगळाच. पहिलं चाटण म्हणून चिकाचं दूध द्या. आजीच्या हातून काही घडावं असं वाटत असेल तर बाळाला आईच्या छातीवर आजीनेच ठेवावं.

पायरी ३ : सिझर झालं तर

सिझरनंतर पाजणं उशिराने सुरू होतं ते बहुतेक वेळा दवाखान्याच्या रिवाजामुळे. टाके घालायला अर्धा-पाऊण तास लागतो, मग आई रिकव्हरीमध्ये जाते, मग खोलीत येते. तोपर्यंत बाळ वॉर्मरखाली किंवा नातेवाइकांच्या हातात असतं. चार-पाच तास असेच जातात आणि मध्ये कोणीतरी पावडरीचं दूध पाजून मोकळं होतं.

पाठीत भूल दिलेली असते तेव्हा आई जागी असते आणि तिचे हात मोकळे असतात. बाळ ठीक असेल तर टाके घालत असतानाच ते तिच्या छातीवर आडवं ठेवता येतं, बाजूला एक सिस्टर उभी राहिली की झालं. हे ऑपरेशनच्या आधी भूलतज्ज्ञांशीही बोलून ठेवा, कारण त्या टेबलाच्या डोक्याकडची जागा त्यांची असते. तेही जमलं नाही, तर रिकव्हरीमध्ये आणून द्यायला सांगा. आणि आई बाहेर येईपर्यंत बाबांनी शर्ट काढून बाळाला आपल्या छातीवर घ्यावं. बाळ उबेत राहतं, शांत राहतं, आणि त्याला काही पाजायची घाई कोणाला होत नाही.

"अँटिबायोटिक चालू आहेत, दुखण्याची औषधं चालू आहेत, दूध देऊ नका," असं कोणी म्हणालं तर डॉक्टरांना औषधाचं नाव घेऊन विचारा. सिझरनंतर नेहमी देतात त्या औषधांत पाजणं चालतं. उलट दुखणं सोसत बसलेली बाई पाजू शकत नाही, तेव्हा गोळी वेळेवर मागा. टाक्यांवर भार पडू नये म्हणून पहिले दिवस कुशीवर झोपून पाजा, किंवा बाळाचं अंग काखेखालून मागे जाईल असं उशीवर ठेवून पाजा. सिझरनंतर भरपूर दूध यायला थोडा जास्त वेळ लागू शकतो, पण चीक पहिल्या दिवसापासून असतो.

पायरी ४ : तोंडात नीट धरवणं

यावर मी थोडं थांबणार आहे, कारण चिरलेली स्तनाग्रं आणि उपाशी बाळ या दोन्हींचं मूळ इथे असतं. शिवाय दवाखान्यातली एक सवय इथे फार नुकसान करते. घाईत असलेल्या सिस्टर बाळाचं डोकं मागून धरतात, दुसऱ्या हाताने स्तन धरतात आणि दोन्ही एकमेकांवर दाबतात. डोकं मागून दाबलं की बाळ मान मागे टाकतं, हातपाय झाडतं, रडतं. दोन-तीनदा असं झालं की आईला वाटतं, बाळाला मी नको आहे.

डावीकडे पाजायचं असेल तर बाळाला उजव्या हातावर घ्या. तुमचा तळहात बाळाच्या खांद्यांमागे, अंगठा आणि बोटं मानेला आधार देत कानांच्या खाली. डोकं मोकळं, थोडं मागे झुकू शकेल असं. बाळाचं पोट तुमच्या पोटाला टेकलेलं. डाव्या हाताने स्तन खालून धरा, बोटं काळ्या भागापासून लांब. आता बाळाचं नाक स्तनाग्रासमोर आणा आणि स्तनाग्राने वरच्या ओठाला हलकेच गुदगुल्या करा. थांबा. बाळ जांभईएवढं मोठं तोंड उघडेल. त्याच क्षणी खांद्यांकडून बाळाला स्तनाकडे आणा, हनुवटी आधी टेकू द्या. तुम्ही बाळावर वाकू नका.

नीट धरलंय हे कसं ओळखायचं? हनुवटी स्तनात रुतलेली असते, नाक मोकळं असतं, खालचा ओठ बाहेर वळलेला असतो. काळा भाग वरच्या ओठाच्या वर थोडा दिसतो, खालच्या बाजूला जवळजवळ दिसत नाही. बाळ आधी भराभर आणि मग संथ, खोल ओढतं. दूध वाढलं की गिळल्याचा आवाजही ऐकू येतो. चुकचुक आवाज, गालांना खळगे, सुरुवातीचे काही क्षण सोडूनही टिकून राहणारी कळ, बाळाने सोडल्यावर चपटं किंवा तिरकं झालेलं स्तनाग्र, यातलं काही दिसलं तर करंगळी बाळाच्या तोंडाच्या कोपऱ्यातून आत घालून सोडवा आणि पुन्हा लावा. सहन करत बसू नका. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे याच विषयावरचे व्हिडिओ मराठीतही आहेत. आठव्या महिन्यात बाहुली हातात घेऊन ते बघितले, तर दवाखान्यात गडबड होत नाही.

पायरी ५ : बाळ जवळ ठेवा, घड्याळ बाजूला ठेवा

बाळ आईच्या खाटेला लागून असलं पाहिजे, रात्रीसुद्धा. भुकेची पहिली खूण रडणं नव्हे. बाळ आधी मान वळवतं, जीभ बाहेर काढतं, मूठ तोंडात घालतं. बाळ दुसऱ्या खोलीत असेल किंवा दुपट्यात हातांसकट घट्ट गुंडाळलेलं असेल तर यातलं काहीच दिसत नाही, आणि रडून लालबुंद झालेलं बाळ नीट धरतही नाही. "दर तीन तासांनी, दोन्हीकडे दहा-दहा मिनिटं" हे वेळापत्रक अजून काही ठिकाणी सांगतात. चोवीस तासांत आठ ते बारा वेळा, बाळ मागेल तेव्हा, ते स्वतः सोडेपर्यंत, हे धरून चाला.

भेटायला येणाऱ्यांची गर्दी हाही पाजण्यातला मोठा अडथळा आहे. स्पेशल रूममध्ये आठ माणसं बसलेली असताना पहिलटकरीण पदर बाजूला करत नाही. ती लाजते, बाळ हातोहाती फिरतं, झोपतं, आणि तीन-चार वेळा पाजायचं राहून जातं. सासूबाईंनी किंवा आईने दाराशी उभं राहून "ती पाजतेय, थोड्या वेळाने या" एवढं म्हटलं तर फार मोठं काम होतं. जनरल वॉर्डात पडदा मागून घ्या.

आंघोळीचंही सांगून टाका. पहिले चोवीस तास तरी बाळाला न्हाऊ घालू नये, अंगावरचा पांढरा थर तसाच राहू द्यावा.

पायरी ६ : दुसरी रात्र

या लेखातलं एकच काही लक्षात ठेवणार असाल तर हे ठेवा. पहिला दिवस बाळ झोपेत काढतं. दुसऱ्या रात्री ते जागं होतं आणि सारखं अंगावर मागतं. पाजलं, झोपलं, पाळण्यात ठेवलं की पाच मिनिटांत पुन्हा रडू. पुन्हा घेतलं, पुन्हा तेच. दीड वाजतो, अडीच वाजतात. आईला वाटतं, अंगात काही नाहीच आहे, छातीही मऊच आहे. सोबतीला असलेल्या आजीचा जीव कासावीस होतो. शेजारच्या खाटेवरची बाई म्हणते, आमच्या बाळाला दिलं वरचं, बघा कसं झोपलंय. मावशी येतात, सिस्टर येतात, आणि कोणीतरी पावडर कालवून आणतं. बाळ पितं आणि चार तास झोपतं. खोलीतल्या प्रत्येकाची खात्री पटते की बाळ उपाशीच होतं.

आत काय चाललेलं असतं ते समजून घ्या. वार बाहेर पडली की शरीराला भरपूर दूध तयार करायचा निरोप मिळतो, पण ते यायला दोन ते तीन दिवस, कधी चार दिवस लागतात. तोवर असतो चीक: घट्ट, पिवळसर, अगदी थोडा. बाळाची गरजही तेवढीच असते. पहिल्या चोवीस तासांत एका वेळी २ ते १० मिलिलीटर, दुसऱ्या दिवशी ५ ते १५, तिसऱ्या दिवशी १५ ते ३०. दुसऱ्या रात्रीचं ते सारखं ओढणं म्हणजे बाळाने दिलेली पुढच्या दिवसांची मागणी. जितकं ओढेल तितकं प्रोलॅक्टिन, म्हणजे दूध बनवणारं संप्रेरक, वाढतं, आणि रात्री ते जास्तच वाढतं.

त्या रात्री ३० मिलिलीटर पावडरीचं दूध दिलं की बाळाच्या पोटात गरजेच्या दुप्पट-तिप्पट जातं. ते चार तास झोपतं, त्या चार तासांत स्तनातून काही निघत नाही, आणि जे निघत नाही ते कमी बनतं. सकाळी बाळ आळसावतं, बाटलीच्या सोप्या धारेची सवय लागू लागते, दुपारी दुसरी बाटली येते. चौथ्या दिवशी छाती दगडासारखी दाटते, बाळाला धरता येत नाही, तिसरी बाटली येते. आठवड्याने ती बाई माझ्यासमोर बसून म्हणते, मला आधीपासूनच दूध नव्हतं.

म्हणून त्या रात्रीसाठी माणूस ठरवून ठेवा. दिवसा आईला दोन-तीन तास सलग झोपू द्या, म्हणजे रात्र झेपेल. रात्री सोबतीला अशी बाई हवी जिला हे सगळं आधी सांगून ठेवलंय, घाबरून डबा मागवणारी नको. बाळ पाळण्यात टिकत नसेल तर आई जागी असताना छातीवर उघडं ठेवा, आईला डोळा लागायला लागला की दुसऱ्या कोणी घ्या. एका बाजूने घेऊन झालं की दुसरी द्या, मग पुन्हा पहिली. हाताने थोडा चीक काढून चमच्याने पाजला तरी बाळ सावरतं, आणि "आहे की!" हे आईला डोळ्यांनी दिसतं. मला या सगळ्यात तेच सर्वात मोलाचं वाटतं.

आळिवाची खीर, शतावरीचे ग्रॅन्युल्स, डिंकाचे लाडू खुशाल द्या. बाईच्या पोटाला आधार होतो. दूध वाढतं ते मात्र बाळाने ओढल्याने. आणि बाळंतिणीला पाणी तोडू नका, तहान लागेल तेवढं पिऊ द्या.

पायरी ७ : "वरचं द्यावं लागेल" असं डॉक्टर म्हणाले तर

कधीकधी ते खरंच द्यावं लागतं, आणि तेव्हा हट्ट करू नये. बाळाची साखर उतरली असेल, वजन जन्माच्या वजनापेक्षा १० टक्क्यांहून जास्त घटलं असेल, लघवी कमी असेल, बाळ फार लवकर जन्मलेलं असेल, आई अत्यवस्थ असेल, तर बाळाला दूध मिळणं पहिलं. मधुमेही आईचं बाळ किंवा अडीच किलोपेक्षा कमी वजनाचं बाळ असेल तर साखर तपासायलाच हवी.

विचारायचं ते एवढंच: कशामुळे? किती मिलिलीटर? किती वेळा? पुन्हा कधी तपासणार? "रडतंय म्हणून" हे वैद्यकीय कारण नाही. वजन ५ ते ७ टक्के घटणं बऱ्याच बाळांत होतं. कळांच्या वेळी आईला खूप सलाईन लागलं असेल तर बाळाचं जन्माचं वजनही थोडं फुगलेलं असू शकतं आणि घट मोठी दिसते. आईला सर्दी-ताप आहे, बाळाला साधी कावीळ आहे, या कारणांनी दूध बंद करायचं नसतं. आईला हिपॅटायटिस बी असेल तरी बाळाला लस आणि इम्युनोग्लोब्युलिन देऊन पाजता येतं. एचआयव्हीबाधित आईसाठीही औषधं चालू ठेवून सहा महिने फक्त अंगावरचं दूध द्यावं असंच आपल्याकडचं धोरण आहे.

वरचं द्यायचं ठरलंच तर आधी आईचा काढलेला चीक, तो पुरत नसेल तर मिळत असल्यास दूधपेढीचं (दुसऱ्या आयांनी दिलेलं, तपासून पाश्चराइज केलेलं), आणि मग पावडर. द्यायचं ते वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने, दर वेळी उकळून घेतलेल्या. बाटली नको. आणि जितक्या वेळा वरचं दिलं तितक्या वेळा आईने हाताने किंवा पंपाने दूध काढायचं. हे दुसरं कलम दवाखान्यात हमखास राहून जातं.

पायरी ८ : बाळ काचेच्या पेटीत असेल तर

बाळ एनआयसीयू किंवा एसएनसीयूत, म्हणजे आजारी नवजात बाळांच्या खास विभागात, गेलं की सगळ्यांचं लक्ष तिकडे जातं आणि आई खोलीत नुसती पडून राहते. तिला तासा-दोन तासांत बसवा आणि हाताने चीक काढायला लावा, मग दर दोन-तीन तासांनी, रात्री एकदा तरी. पहिल्यांदा दोन-चार थेंबच येतील. तेही छोट्या सिरिंजमध्ये घेऊन पाठवा. फार लवकर जन्मलेल्या बाळाच्या आतड्यांसाठी ते थेंब औषधासारखे उपयोगी पडतात. बाळ थोडं स्थिर झालं की कांगारू पद्धतीने, म्हणजे उघडं बाळ उघड्या छातीला लावून, घ्यायला मागा. २०२२ पासून जागतिक आरोग्य संघटना कमी वजनाच्या बाळांना जन्मानंतर शक्य तितक्या लवकर असं घ्यायला सांगते, आठवडाभर थांबायची गरज नाही.

आशियातली पहिली मानवी दूधपेढी मुंबईत सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये सुरू केली. आता इतरही अनेक मोठ्या रुग्णालयांत अशा पेढ्या आहेत. आपल्या बाळासाठी जवळ पेढी आहे का, हे एनआयसीयूच्या डॉक्टरांना विचारा. घरातल्या किंवा ओळखीच्या दुसऱ्या बाईचं दूध न तपासता, न पाश्चराइज करता देऊ नका.

पायरी ९ : डिस्चार्जच्या आधी आणि घरी गेल्यावर

निघायच्या आधी एकदा सिस्टरांना किंवा डॉक्टरांना समोर बसवून पूर्ण पाजणं बघायला सांगा. आजचं वजन फाईलमध्ये लिहून घ्या. डिस्चार्ज कार्डावर पावडरीचं नाव लिहिलेलं दिसलं तर का लिहिलं ते विचारा, कारण अनेकदा ते सवयीने लिहिलेलं असतं. दोन-तीन दिवसांनी वजन दाखवायला या असं सांगितलं नसेल तर तुम्हीच वेळ मागा. आशाताई घरी येतात त्या दवाखान्यातल्या बाळंतपणानंतर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी. त्यांना पाजताना बघायला सांगा.

घरी दूध पुरतंय की नाही हे लंगोट सांगतात. पहिल्या दिवशी एक तरी ओला, दुसऱ्या दिवशी दोन, असं वाढत पाचव्या-सहाव्या दिवसापासून चोवीस तासांत सहा किंवा जास्त. शी काळ्याची हिरवट आणि चौथ्या-पाचव्या दिवसापर्यंत पिवळी. वजन दहा ते चौदा दिवसांत जन्माच्या वजनावर परत, आणि पुढे रोज साधारण २० ते ३० ग्रॅम वाढ. बाळ पाजायलाही उठत नसेल, लघवी कमी झाली असेल, ताप असेल, अंग गार पडत असेल, पिवळेपणा तळहात-तळपायांपर्यंत आला असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.

आणि दवाखान्यातून येतानाच वरचं दूध सुरू झालेलं असेल, तर ते एका दिवसात बंद करू नका. बाळाचं वजन मोजून डॉक्टरांशी बोला, तोंडात धरणं आधी सुधारा. दर वेळी आधी दोन्ही बाजूंनी पाजा, मग उरलेलं वाटी-चमच्याने द्या, आणि दिवसभरात दोन-तीनदा दूध काढा. लंगोट ओले होत राहिले आणि वजन चढत राहिलं की वरचं दूध दर दोन-तीन दिवसांनी थोडं थोडं कमी करत जा. बऱ्याच आयांना असं करत काही आठवड्यांत पूर्णपणे अंगावर येता येतं. ज्यांना पूर्ण जमत नाही, त्यांच्याही बाळाला जेवढं आईचं मिळतं तेवढं चालू ठेवा.